पेरिस्कोपमधून दिसणारा इतिहास, आणि न दिसणारा

१/ सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये जखमींची शुश्रूषा करण्यासाठी गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच कालवश झाला. ही कथा आपण शाळेत वाचलेली असते, व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे पाहिलेलीही असते. मात्र ते ज्या बोटीने गेले, तिचे पुढे काय झाले? आजचा थ्रेड त्या बोटीपासून सुरू होतो आणि संगणकावरच्या पाणबुडीच्या गेमपर्यंत जातो.

२/ तारीख १ सप्टेंबर १९३८. काँग्रेसने चीनला पाठवलेले पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक मुंबईहून निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे इतर चौघे. बोटीचे नाव ‘राजपुताना’. पी. अँड ओ. कंपनीची ही सुमारे साडेसोळा हजार टनांची प्रवासी बोट. तिने इतिहास याआधीही वाहून नेला होता. ऑगस्ट १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी मुंबईहून निघाले, ते याच बोटीने.

३/ वर्षभरात महायुद्ध पेटले. ब्रिटिश नौदलाला युद्धनौका कमी पडत होत्या, म्हणून मोठ्या प्रवासी बोटी ताब्यात घेऊन त्यांच्यावर तोफा चढवण्यात आल्या. ‘राजपुताना’वर सहा इंची आठ तोफा बसल्या आणि ती ‘एचएमएस राजपुताना’ झाली. अशा बोटींचे काम व्यापारी जहाजांच्या ताफ्याला सोबत करण्याचे. पण उंच बाजू, प्रचंड आकार आणि चिलखताचा अभाव यांमुळे त्या सहज सावज ठरत. तिची भगिनीनौका ‘रावळपिंडी’ नोव्हेंबर १९३९ मध्येच जर्मन युद्धनौकांनी बुडवली होती.

४/ १३ एप्रिल १९४१. आइसलँडच्या पश्चिमेला, डेन्मार्कच्या सामुद्रधुनीत, ‘यू-१०८’ या जर्मन पाणबुडीने ‘राजपुताना’ला पाणतीर मारला. पाणबुडीचा कप्तान होता क्लाउस शोल्ट्झ. बोट बुडायला तासाभराहून अधिक वेळ लागला. ‘लीजन’ या विनाशिकेने २८३ जणांना वाचवले, सुमारे चाळीस जण गेले. मृतांत रिचर्डसन होते. युद्धापूर्वी ही बोट प्रवासी घेऊन फिरत असताना तिचे शेवटचे कप्तान तेच होते.

५/ आता हाच प्रसंग पाणबुडीच्या आतून पाहा. धुकट समुद्र, पेरिस्कोपच्या गोलात एक उंच सावली, हातात स्टॉपवॉच. जगभरातले हजारो तरुण हा प्रसंग रोज रात्री संगणकावर खेळतात. ‘एसेस ऑफ द डीप’ (१९९४), ‘सायलेंट हंटर’ मालिका (१९९६ पासून), ‘डेंजरस वॉटर्स’ (२००५), ‘कोल्ड वॉटर्स’ (२०१७), ‘यूबोट’ ही त्यांतली गाजलेली नावे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सोलापुरातही हे गेम खेळणारी मुले असणार. त्यांच्यासाठी, आणि इतिहास वाचणाऱ्या सर्वांसाठी, एक प्रश्न: या गेमचा ‘वास्तवदर्शीपणा’ नेमका कोणाचे वास्तव दाखवतो?

६/ आधी या गेमचे श्रेय त्यांना देऊ. गोळ्या झाडत सुटण्याच्या खेळांत आणि यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इथे शत्रू दिसतच नाही, त्याचा अंदाज बांधावा लागतो. ‘सायलेंट हंटर ३’मध्ये स्वयंचलित नेमबाजी बंद केली की आपल्याला लक्ष्याचे तीन आकडे स्वतः काढावे लागतात: अंतर, वेग आणि आपल्या दृष्टिरेषेशी त्याच्या मार्गाचा होणारा कोन.

७/ एक साधे गणित करू. लक्ष्य ९०० मीटरवर आहे आणि आपल्या समोरून आडवे चालले आहे. त्याचा वेग १० नॉट, पाणतीराचा ३० नॉट. पाणतीर पोहोचायला जवळजवळ एक मिनिट लागेल. त्या मिनिटात जहाज सुमारे ३०० मीटर पुढे गेलेले असेल. म्हणजे नेम जहाजावर धरायचा नाही, ते जिथे असणार आहे तिथे धरायचा. वेग ओळखण्यात ४ नॉटची चूक झाली, तर पाणतीर सुमारे १२० मीटर चुकतो. १५० मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यावर नेम असेल, तर तो बाहेरून निघून जातो.

८/ हे गणित एकदा हाताने केले की पुस्तकातले कोरडे वाक्य जिवंत होते. ‘पाणबुडीने चार पाणतीर सोडले, एक लागला’ असे वाचताना उरलेल्या तिघांचे काय झाले असेल, हे आपल्याला कळते. शिवाय युद्धाच्या आरंभी जर्मन पाणतीर सदोष होते. एप्रिल १९४० च्या नॉर्वे मोहिमेत ते भलत्याच खोलीवरून धावले, अवेळी फुटले किंवा फुटलेच नाहीत. चांगले गेम हा दोषही जसाच्या तसा ठेवतात.

९/ दुसरी शिकवण वेगाची. जर्मनीच्या ‘सात-सी’ प्रकारच्या पाणबुडीचा पृष्ठभागावरचा वेग सुमारे १७ नॉट, पाण्याखाली जेमतेम साडेसात. बॅटरीवर ४ नॉटच्या संथ गतीने ती पाण्याखाली सुमारे ८० समुद्री मैलच जाऊ शके. त्यामुळे ती खरे तर गरजेपुरती बुडी मारणारी टेहळणी नौका होती. रात्री ती पृष्ठभागावरूनच हल्ला करी. चित्रपटांनी आपल्या मनावर ठसवलेली सदैव खोल पाण्यात वावरणारी पाणबुडी त्या काळात अस्तित्वात नव्हती.

१०/ इथवर गेम इतिहासाशी प्रामाणिक आहे. आता गुणपत्रिका पाहा. ‘सायलेंट हंटर ३’मध्ये जहाज बुडाले की त्याचे टनेज आपल्या खात्यावर जमा होते. टनेज जितके मोठे, तितकी कीर्ती. कीर्तीच्या बदल्यात नवी सामग्री आणि चांगले खलाशी. ‘राजपुताना’सारखी बोट म्हणजे साडेसोळा हजारांची घसघशीत कमाई!

११/ ही मोजणी गेम बनवणाऱ्यांनी कल्पनेतून काढलेली नाही. जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख कार्ल ड्योनिट्झ याच हिशेबाने युद्ध लढत होता. जहाज कुठले, त्यात काय भरले आहे, ते कुठे चालले आहे, याला दुय्यम स्थान. ब्रिटन जितकी जहाजे नव्याने बांधू शकेल, त्याहून अधिक टनेज दरमहा बुडवायचे, हे त्याचे सूत्र. युद्धाच्या पहिल्या काळात एक लाख टनांचा टप्पा गाठणाऱ्या कप्तानाच्या गळ्यात मानाचा नाइट्स क्रॉस पडे.

१२/ म्हणजे गेम खरा आहे, पण तो एका पक्षाच्या हिशेबवहीइतकाच खरा आहे. यंत्रांचे तपशील त्याने पारखून घेतले. त्यांच्याबरोबर ड्योनिट्झची मोजपट्टीही घेतली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट ओळखीची वाटावी. बखर वाचताना आपण ती कोणाच्या दरबारी लिहिली गेली, हे आधी विचारतो. गेमलाही तोच प्रश्न विचारायला हवा.

१३/ याच समुद्राचा एक गेम दुसऱ्या बाजूनेही खेळला गेला होता, आणि तो प्रत्यक्ष युद्ध चालू असताना. त्याची गोष्ट सांगण्यापूर्वी युद्धखेळाच्या परंपरेबद्दल थोडे. बुद्धिबळात पट दोघांनाही पूर्ण दिसतो, घोडा कुठे आहे हे लपत नाही. खऱ्या युद्धात मुख्य अडचण तीच असते. १८२४ च्या सुमारास प्रशियात राइसविट्झ या अधिकाऱ्याच्या ‘क्रीगश्पील’ला सैन्याची मान्यता मिळाली. त्यात पंच ठेवलेला असे, आणि खेळाडूला जे दिसू शकेल तेवढेच तो सांगे. १८९८ मध्ये फ्रेड जेन या इंग्रजाने असाच आरमारी खेळ प्रसिद्ध केला. युद्धनौकांची प्रसिद्ध वार्षिक सूची काढणारा जेन तो हाच.

१४/ जानेवारी १९४२, लिव्हरपूल. अटलांटिकमध्ये रोज जहाजे बुडत होती. क्षयामुळे नौदलातून निवृत्त झालेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याला परत बोलावण्यात आले. ‘डर्बी हाउस’ या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याने एक पथक उभे केले. मदतीला महिला नौसेवादलातल्या तरुणी होत्या, बहुतेक जणी विशीच्या आसपासच्या. त्यांतल्या कोणी समुद्रावरचे युद्ध पाहिलेले नव्हते.

१५/ खेळाची मांडणी अशी. खोलीभर जमिनीवर चौकटी आखलेल्या, त्यावर लाकडी जहाजे. ताफ्याच्या रक्षक नौकांचे अधिकारी कापडी पडद्यांआड बसत. पडद्याला लहानशी फट. आपल्या नौकेवरून खरोखर जेवढे दिसले असते, तेवढेच त्या फटीतून दिसे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने आखत. फटीतून तिरकस पाहणाऱ्याला तो रंग जमिनीत मिसळून जाई. प्रत्येक डाव दोन मिनिटांचा. तेवढ्यात हुकूम द्यायचा, मग तरुणी जहाजे सरकवत.

१६/ या फरशीवर एक प्रश्न सुटला. रक्षक नौका बाहेरच्या बाजूला पाणबुडी शोधत राहत आणि ती सापडत नसे. डिसेंबर १९४१ मधल्या जिब्राल्टरच्या ‘एचजी ७६’ ताफ्याची नोंद खेळून पाहिल्यावर रॉबर्ट्स आणि त्याच्या सहकारी तरुणी एका निष्कर्षाला आल्या: पाणबुडी बाहेर नव्हतीच. ती रात्री पृष्ठभागावरून ताफ्याच्या रांगांत शिरत असे, आतून मारा करी, मग बुडी मारून ताफा डोक्यावरून पुढे जाऊ देई आणि मागच्या मागे निसटत असे.

१७/ मग उपायही फरशीवरच घडला. जहाज बुडताच रक्षक नौकांनी बाहेर धावायचे नाही. ताफ्याच्या मागे एका ओळीत येऊन, ध्वनिशोधकाने पाणी विंचरत जायचे. या डावपेचाला ‘रास्पबेरी’ नाव मिळाले. ते सुचवणारी जीन लेडलॉ ही पथकातली तरुणी. ओठांनी काढलेला वेडावणारा आवाज असा त्या शब्दाचा इंग्रजी बोलीतला अर्थ. हिटलरला दाखवलेली ती वाकुली होती. पुढे ॲडमिरल मॅक्स हॉर्टन स्वतः पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले. पहिल्या महायुद्धातले ते नामांकित पाणबुडी-कप्तान. पण जॅनेट ओकेल या तरुणीने त्यांना पाचही डावांत ‘बुडवले’, असे सांगतात.

१८/ युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी या फरशीवर शिकून गेले. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या आणि ड्योनिट्झने उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घेतल्या. याचे सारे श्रेय एका खेळाला देणे चूक ठरेल. रडार, दूर पल्ल्याची विमाने, सांकेतिक संदेशांची उकल या सगळ्यांचा वाटा मोठा होता. पण समुद्र तोच, पाणबुडी तीच; ताफ्याच्या खुर्चीत बसून खेळल्यावर जे दिसले, ते टनेजच्या खुर्चीतून दिसण्याचे कारणच नव्हते.

१९/ खुर्ची बदलण्याची ही गरज आपल्या अगदी जवळच्या इतिहासातही भासते. ९ डिसेंबर १९७१. बांगलादेश मुक्तीचे युद्ध चालू होते. पाकिस्तानची ‘हंगोर’ ही पाणबुडी दीवजवळ वावरत होती. तिला शोधण्यासाठी मुंबईहून ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या पाणबुडीविरोधी फ्रिगेट निघाल्या. म्हणजे शिकारी आपण होतो. रात्री नऊच्या सुमारास ‘हंगोर’ने आधी ‘किरपाण’वर पाणतीर सोडला, तो फुटला नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांत ती बुडाली.

२०/ १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही जगातली पहिली युद्धनौका. नंतर कित्येक दिवस शोध चालला, तरी ‘हंगोर’ निसटली.

२१/ असे का झाले? ‘डेंजरस वॉटर्स’ किंवा ‘कोल्ड वॉटर्स’ खेळणाऱ्याला याचे एक उत्तर हाताला लागते. उष्ण समुद्रात वरचे पाणी गरम, खालचे थंड. दोन्हींच्या सीमेवर ध्वनी वाकतो. पृष्ठभागावरच्या नौकेने सोडलेली ध्वनिलहर खाली वळते, आणि थराखाली दडलेली पाणबुडी तिला चुकवते. शिवाय शोध घेणारी नौका आवाज करते, ऐकत बसलेली पाणबुडी जवळजवळ निःशब्द असते. ‘हंगोर’ ही फ्रान्समध्ये बांधलेली ‘डाफ्ने’ वर्गातली लहान, शांत पाणबुडी होती. तिने नेम धरला तो मुख्यतः आवाजावरून.

२२/ ‘खुकरी’ त्या रात्री संथ चालली होती. सोनारचा पल्ला वाढवण्याचा प्रयोग तिच्यावर सुरू होता, आणि दूरचे ऐकायचे तर स्वतःचा आवाज कमी करणे भाग होते. पण संथ, सरळ चालणारी नौका म्हणजे सोपे लक्ष्य. वेग वाढवावा तर कान बंद होतात, कमी करावा तर जीव धोक्यात. पडद्यावर ‘हंगोर’च्या खुर्चीत बसून हा डाव सोपा वाटतो. ‘खुकरी’च्या खुर्चीत बसून पाहा. मग ‘चूक कोणाची’ हा प्रश्न आपण इतक्या सहज विचारत नाही.

२३/ तरीही दोन्ही खुर्च्यांतून न दिसणारी माणसे उरतात. पेरिस्कोपमधल्या त्या व्यापारी जहाजांवर कोण होते? ब्रिटिश व्यापारी आरमाराचा मोठा भार हिंदी खलाशांवर होता, इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, खानपानगृहात गोव्याची माणसे, खाली भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, अशी साधारण विभागणी असे. पाणतीर लागला की भट्टीपाशी उभ्या असलेल्याला वर येण्याची संधी सर्वांत कमी.

२४/ १७ सप्टेंबर १९४० रोजी ‘यू-४८’ने ‘सिटी ऑफ बनारस’ ही प्रवासी बोट बुडवली. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडाला पाठवलेली ९० ब्रिटिश मुले तिच्यावर होती, त्यांतली ७७ दगावली. ही हकीकत जगाला ठाऊक आहे. त्याच बोटीवरचे शंभरावर हिंदी खलाशी त्या रात्री थंडीने आणि लाटांनी गेले. त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत संपतो. पाणबुडीच्या वहीत मुलेही नव्हती आणि खलाशीही. तिथे फक्त टनेज होते.

२५/ एक वही मात्र वेगळी आहे. मुंबईत मशीद बंदरला ‘इंडियन सेलर्स होम’ आहे. दुसऱ्या महायुद्धात जे समुद्रातच राहिले, ज्यांना कबर किंवा चिता लाभली नाही, अशा अविभाजित हिंदुस्थानातल्या सुमारे साडेसहा हजार नौसैनिक आणि व्यापारी खलाशांची नावे तिथल्या नोंदवहीत आहेत. तिची दुसरी प्रत चितगावला आहे. त्यांतले काही शे नौदलाचे, बाकी सारे व्यापारी जहाजांवरचे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी हातात शस्त्र धरलेले नव्हते.

२६/ दुसऱ्या बाजूची नोंदही इथेच करायला हवी. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीस हजारांच्या आसपास परतली नाहीत. कुठल्याही सैन्याच्या कुठल्याही शाखेला क्वचितच सोसावे लागलेले हे प्रमाण. गेममध्ये आपली पाणबुडी बुडाली की आपण मागचा ‘सेव्ह’ उघडतो. एवढ्या एका बटणाने त्या युद्धातली सर्वांत खरी गोष्ट पुसली जाते.

२७/ म्हणून गेम खेळायचे नाहीत का? जरूर खेळा. ध्वनी, खोली, वेग आणि अनिश्चितता समजून घेण्याचे याहून चांगले साधन घरबसल्या मिळणार नाही. फक्त तीन गोष्टी करून पाहा. स्वयंचलित नेमबाजी बंद ठेवा. ज्या गेममध्ये सोय आहे, तिथे तोच प्रसंग रक्षक नौकेच्या बाजूने खेळा. आणि ज्या तारखेला, ज्या समुद्रात तुम्ही जहाज बुडवले, त्या दिवशी तिथे खरोखर कोणते जहाज गेले, हे शोधा. त्याचे नाव, त्याचा माल आणि वाचलेल्यांचा आकडा बहुधा सापडतो.

२८/ आणि एक विनंती. तुमच्या घरात, आजोळी किंवा शेजारी कोणाचे पणजोबा ‘बोटीवर’ होते, असे कधी ऐकले असेल तर ते कोणत्या बोटीवर होते, कोणत्या वर्षी, काय काम करत, परत आले की नाही, एवढे विचारून लिहून ठेवा. जुना दाखला किंवा पत्र असेल तर त्याचे छायाचित्र काढा. मशीद बंदरच्या वहीत नावे आहेत. त्या नावांमागची माणसे अजून घराघरांतल्या आठवणींत आहेत, आणि त्या सांगणारी पिढी आता थकली आहे.